एकतीस खिडक्या

दुडम शेठनं फोटो मागावरच टाकला.
"हे विणतोस का बे, मल्लेशम?
जपानचं हाय. म्युन्शिपाल्टी."

मी देव विणलेत. पुढारी विणलेत.
एका आमदाराच्या मिशा
चौसष्ट काळ्या धाग्यांत बसवल्यात.
पण म्युन्शिपाल्टी
भिंतीवर कोण टांगतं?

सोबत चिठ्ठी होती, शेठच्या पोरानं मोबाईलवर उलगडून सांगितली:
गाव लहान, शेजारच्या मोठ्या गावात मिसळलं.
इमारत मार्चात पाडणार.
तिथं नोंदणीच्या टेबलावर जन्म काढलेल्या
कुणा बाईंनी पैसे आगाऊ भरलेत.
रोज पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यातून
एक गाणं लागायचं, मग सगळे घरी जायचे,
असंही लिहिलं होतं.
गाणं कुठल्या रंगात घ्यायचं, ते नव्हतं.

साखर पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत
मी त्या गावाला चौकटी पाडल्या.
तीन मजले. एकतीस खिडक्या.
सायकलींचं छप्पर, खाली चारच सायकली.
न्हाव्याकडून आल्यासारखी झाडं.
कोपऱ्यात थंड बाटल्यांचं यंत्र, तांबडं,
आणि ते उन्हात एकटं.
कुणी पानाची पिंक टाकलेली नाही,
कुणी वडाच्या पारावर
अर्ज लिहून देत बसलेलं नाही.
वडच नाही.
मागं डोंगर, इतका जवळ
की वाटलं, तोही काही दाखला न्यायला आलाय.

माणूस एकही नाही फोटोत.
मी भिंग लावून पाहिलं.
दुसऱ्या मजल्यावर डावीकडून सातवी खिडकी
बोटभर उघडी.

पुठ्ठे ठोकता ठोकता
जुन्या मिलचा भोंगा आठवला.
त्याच्यावर आमच्या गल्लीची चूल पेटायची,
आजा डबा उचलायचा.
तो बंद झाला त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही.
चुली नंतर घड्याळ बघून पेटू लागल्या.

राजमणी असती तर म्हणाली असती,
त्या खिडकीत काहीतरी ठेव.
रंगाचं तिला कळायचं. कांड्या तीच भरायची,
आणि दुपारी माग थांबला की
"तिंटारा?" जेवता का, एवढंच विचारायची.

तिच्या दाखल्यावर राजमती छापलंय.
म्हणून मंगळवारी इंद्रभुवनात गेलो.
कमानी, नक्षी, गच्चीवर कबुतरं,
आत पंखा आणि पंख्याखाली रांग.
पुढं विजापूर वेशीचा एक म्हातारा,
हातात नातीच्या जन्माचा कागद, कन्नडमध्ये पुटपुटत.
मागं दोघी विडी कामगार,
घरपट्टी आणि पाणी, पाच दिवसांआड येणारं,
दोन्हीला एकाच श्वासात शिव्या घालत.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र आणा.
आणि मग, चष्मा काढून,
"आमच्या हातनंच चुकलंय हो. पण तरी आणा."

बाहेर येऊन उभा राहिलो
आणि सवयीनं मोजायला लागलो.
इथल्या खिडक्यांचा हिशेब लागत नाही.
अर्ध्या कमानींत लपल्यात,
एकीतून छत्री वाळत घातलेली,
एकीत फायलींचा ढीग काचेला टेकलेला,
जणू त्यालाही बाहेर बघायचंय.
सत्तेचाळीसला चुकलो. परत पहिल्यापासून.
वॉचमन म्हणाला, "काय शोधताय काका?"

रात्री सातव्या खिडकीत
चार धागे पिवळे घातले.
ऑर्डरीत नव्हते.
शेठ कापड उन्हात धरून बराच वेळ बघत होता.
काही बोलला नाही,
पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून पाठवून दिलं.

पैसे आले. चिठ्ठी नाही आली.
मार्च गेला, इथं बेचाळीस झालंय,
तिथं आता पटांगण असेल.

प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स काढायचीय अजून.
शंभराचा स्टॅम्प घेऊन ठेवलाय,
पिवळ्या दोऱ्याच्या उरलेल्या कांडीखाली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.